तिसऱ्या मजल्यावरची काळी माती

गॅलरीत झाडं लावायला सुरुवात मी केली होती. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं खापर सासऱ्यांच्या डोक्यावर फुटायचं. लग्नानंतर आम्ही मोशीत तिसऱ्या मजल्यावर एक बेडरूमचा फ्लॅट घेतला. त्याची गॅलरी एका कॉटएवढी. बिल्डरच्या नकाशात तिला टेरेस म्हटलं होतं. हौसेला मोल नाही म्हणतात, तशी मी त्या टेरेसवर पाच-सहा कुंड्या मांडल्या. मोगरा, कढीपत्ता, तुळस, कोरफड, आणि एका कुंडीत कायम काहीतरी मरत असलेलं.

हायवेवरच्या नर्सरीवाल्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ताई, गॅलरीत नुसती माती भरू नका. वजन होतं आणि पाणी धरतं." म्हणून मी कोकोपीट आणायचे, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. त्यात शेणखत, थोडी वाळू आणि नावाला मूठभर माती. कुंडी एका हाताने उचलता यायची. चाकणला माझ्या कंपनीत आम्ही गाड्यांच्या वायरी जोडतो. पहिली शिफ्ट संपवून बसने घरी आले की चहाचा कप घेऊन त्या कॉटएवढ्या जागेत उभं राहायचं, एवढंच माझं सुख होतं. ते पुरेसं होतं.

मग मामा आले. मामा म्हणजे माझे सासरे, आमच्याकडे सून सासऱ्यांना मामाच म्हणते. चाकणच्या अलीकडे आडवाटेला त्यांचं गाव. सासूबाई जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. भावकीतलं सगळं रान औद्योगिक वसाहतीत गेलं, पैसे वाटून झाले, गावातलं घर थोरल्या चुलतसासऱ्यांकडे राहिलं. मामांना तिथे राहायला कुणी नको म्हटलं नव्हतं. पण सकाळी उठून जायला रानच नाही म्हटल्यावर त्या घरात करायचं काय, असा प्रश्न त्यांना पडला असावा. त्यांनी मुलाला फोन केला, "टेम्पो घेऊन ये."

माझा नवरा मित्राचा छोटा टेम्पो घेऊन गेला. आम्हाला वाटलं होतं, ट्रंक येईल, भांडी येतील, सासूबाईंचं जातं येईल. टेम्पोतून उतरली एक ट्रंक, एक वळकटी, आणि बाकी सगळी खताच्या रिकाम्या गोण्यांत भरलेली माती. काळी, ढेकळांची. रानात खोदाईचं मशीन लागायच्या आधी त्यांनी ती स्वतः फावड्याने भरली होती. वॉचमनने लिफ्टला हात लावू दिला नाही. नवऱ्याने आणि त्याच्या मित्राने गोण्या खांद्यावरून तीन मजले चढवल्या. शेवटची गोणी हॉलमध्ये टाकून नवरा जमिनीवरच बसला आणि मित्राला म्हणाला, "लोक गावाकडून ज्वारी आणतात राव. आमच्या बापाने जमीनच आणली."

मला हसू आलं. मामांना नाही आलं. ते गॅलरीत जाऊन माझ्या कुंड्या बघत होते. मोगऱ्याच्या कुंडीत त्यांनी बोट घातलं, चिमूटभर काढून दोन बोटांत चोळलं आणि विचारलं, "ह्यात माती कुठं हाय?"

"मामा, त्याला कोकोपीट म्हणतात."

"भुस्सा हाय ह्यो. भुश्शात झाड लावत्यात व्हय?"

पुढच्या पंधरवड्यात गॅलरीचं रूप पालटलं. रंगाचे मोठे डबे आले, भाजीवाल्याचे फुटके क्रेट आले, नवऱ्याने त्याच्या कंपनीच्या भंगारातून पॅकिंगच्या लाकडी पेट्या आणल्या. कुणीतरी टाकून दिलेल्या कूलरचा खालचा टब मामांनी भर दुपारी रस्त्यावरून डोक्यावर आणला. सगळ्यांत काळी माती भरली. माझ्या कुंड्याही त्यांनी ओतल्या, भुसा एका पोत्यात बांधून कोपऱ्यात टाकला आणि मोगरा काळ्या मातीत बसवला. मी शिफ्टवर होते. घरी येऊन बघते तर सगळं होऊन गेलेलं. चहाचा कप घेऊन उभं राहायलाही जागा उरली नव्हती.

पन्नासेक वर्षं ज्या माणसाने त्याच मातीत कांदा, भुईमूग, ज्वारी पिकवली, त्याला डब्यात मेथी येणार नाही असं मी कुठल्या तोंडाने सांगणार? त्यांनी मेथी टाकली, कांद्याचं रोप लावलं, चार टोमॅटो लावले. रोज सकाळी तांब्याने पाणी. वरचं पाणी डबक्यासारखं साचून राहायचं, मग हळूहळू मुरायचं, आणि उन्हाने दोन दिवसांत माती अशी आवळायची की डब्याच्या कडेपासून बोटभर सुटायची. मग पुढचं पाणी मातीत जायचंच नाही. ते कडेच्या फटीतून सरळ खाली, भोकातून बाहेर, गॅलरीच्या नळीतून दुसऱ्या मजल्यावर. वर माती दगडासारखी, तळाला चिखल. मेथी पिवळी पडली. टोमॅटो वीतभर वाढून थांबले. कांद्याच्या पातीची टोकं जळाली. आणि माझा मोगरा मेला.

मोगऱ्यासाठी मी बोलले. "रानात मातीला खाली तळ नसतो, मामा. पाणी जायला वाट असते, गांडुळं असतात, नांगर फिरतो. डब्यात ती कोंडते. निम्मा भुसा मिसळा, वाळू मिसळा, येईल सगळं." मला अजूनही त्यात काही चुकीचं बोलले असं वाटत नाही.

मामा म्हणाले, "भेसळ न्हाई करायची." आणि विषय संपला.

संपला तो माझ्यापुरता. त्यांच्यापुरता तिथून सुरू झाला. त्यांनी हळूहळू गॅलरीत जाणं सोडलं. आधी पाणी एक दिवसाआड, मग आठवण झाली तर. दिवसभर टीव्हीसमोर बसायचे, पण तो बघत नसायचे. बातम्यांच्या जागी कार्टून लागलं तरी त्यांना कळायचं नाही. एकदा जेवताना पोळीचा तुकडा हातात धरून म्हणाले, "घर फिरलं का वासं बी फिरत्यात. ती म्हन घराची. मातीचं बी तसंच असंल." मग थोड्या वेळाने, कुणालाच उद्देशून नाही असं, "उचलून आनली म्हून मेली का काय ती?"

मला तेव्हा त्यांची काळजी वाटली, खरी काळजी. माणूस रान गेलं म्हणून रडला नव्हता. सही करताना नाही, मशीन लागलं तेव्हाही नाही. कारण त्याच्या हिशेबात रान पुरतं गेलेलंच नव्हतं, थोडं गोण्यांत भरून त्याने सोबत आणलं होतं. आता त्या डब्यांकडे बघून तो ते पहिल्यांदा गमावत होता.

माझी कंपनीची बस रोज त्या रानावरून जाते. तिथे आता निळ्या पत्र्याची मोठी शेड आहे, आणि गेटच्या दोन्ही अंगांना सिमेंटच्या कुंड्यांत पाम लावलेत. ज्या जमिनीत टाकलं ते उगवायचं, तिथे आता झाडं कुंडीत. मी हे मामांना कधी सांगितलं नाही.

श्रावणात खालच्या भाभी वर आल्या. खालच्या म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या. त्यांच्या मालकांचं देहू रस्त्याला गॅरेज आहे. बाई मोठी समजूतदार, इतके दिवस काही बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी हातात पांढरी चादर घेऊन आल्या. चादरीवर वरपासून खालपर्यंत तपकिरी ओघळ. "वहिनी, राग नका मानू. ही तिसरी चादर आहे. आणि आमच्या गॅलरीच्या छताला ओल धरलीय, बघा येऊन." मी जाऊन बघितलं. ओल होती. त्यांचं काहीच चुकत नव्हतं.

नवऱ्याने त्यांना शब्द दिला, "दसऱ्यापर्यंत सगळी माती खाली नेतो." रात्रीच्या जेवणात त्याने तो बापालाही सांगितला. मान खाली घालून सांगितला, पण सांगितला.

मामांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. "दसऱ्यापतुर म्हनलास ना? मग घट बसू दे. घट वर आला, तर माती जिती हाय. न्हाई आला, तर तू नको, मीच खाली न्हेऊन टाकीन."

आमच्याकडे नवरात्रात घट बसतो. परडीत माती पसरायची, तिच्यात धान्य पेरायचं, मधोमध पाण्याने भरलेलं कोरं मडकं ठेवायचं, रोज एक माळ बांधायची आणि दिवा नऊ दिवस विझू द्यायचा नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका घटाची माती झेंडूच्या फुलांबरोबर पिशवीतून विकत आणतात. सासऱ्यांच्या घरी मात्र माती स्वतःच्या रानातली. आणि घटात जे धान्य जोमाने आलं, ते त्या साली रानात साधणार, असा हिशेब. मामा दसऱ्याला घट उचलायचे तेव्हा एकेक कोंब निरखून रब्बीचं ठरवायचे. नंतर परडीतली माती नेऊन परत रानात पसरायचे. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला मी ते पाहिलं होतं. ते रानातून आले, दारात पाय धुतले, आणि सासूबाईंना म्हणाले, "रानात घालून आलो. चहा टाक." दर वर्षी हेच वाक्य, सासूबाई सांगायच्या. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

सासूबाई गेल्यापासून घट माझ्याकडे आला होता. म्हणजे आता मामांच्या मातीचा निकाल माझ्या हातून लागणार होता. डब्यात मेथी न येऊ देणारी माती परडीत काय दिवे लावणार?

घट बसायच्या आदल्या दिवशी नवऱ्याने मला ओट्यापाशी गाठलं. हळू आवाजात म्हणाला, "तुझा तो भुसा पडलाय ना पोत्यात? दोन मुठी टाक मातीत. वर काळी पसर. कुणाला कळणार आहे?"

"देवीला कळेल की नाही ते मला ठाऊक नाही," मी म्हटलं. "पण तुमच्या वडिलांच्या बोटांना कळेल."

मामांनी माती स्वतः चाळून दिली. गव्हाच्या चाळणीने, हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून. ती चाळण नंतर मला टाकून द्यावी लागली. मी घट बसवला, मडक्यात पाणी भरलं, दिवा लावला. मी आणि नवरा शिफ्टला जाणार, म्हणून दिव्यावर लक्ष मामांचं. टीव्हीसमोरची खुर्ची त्यांनी फिरवून घटासमोर घेतली. तेवढा तरी फरक पडला.

पहिली माळ झाली, दुसरी झाली. मी बसमधून उतरले की जिना चढताना एकच विचार. तिसऱ्या माळेला शेजारणीने येऊन सांगितलं, त्यांचा घट बोटभर वर आलाय. पी हळद आणि हो गोरी असं होत नसतं, हे मला कळत होतं, तरी मी तिच्यावर चिडले. आमच्या परडीत काळी माती तशीच. मडक्याच्या आजूबाजूला ओलसर, कडेला जरा फिकी. त्या दिवशी मामा धड जेवले नाहीत. उपवास होता म्हणावं तर माझा होता, त्यांचा नाही.

चौथ्या माळेच्या सकाळी मी डबा भरत होते. बस चुकायची वेळ झालेली. मामांनी हाक मारली, "सूनबाई, जरा हिकडं ये. माझं डोळं काय धड न्हाईत."

मी वाकून बघितलं. मडक्याच्या अगदी लगत मातीचा एक पापुद्रा उचलला गेला होता, आणि त्याच्याखाली पांढरं काहीतरी, सुईच्या टोकाएवढं. त्याच्या शेजारी आणखी एक. मग नजर बसली आणि दिसायलाच लागले.

"आलं, मामा."

"गहू का ज्वारी?"

"एवढ्यात कसं कळेल?"

"नीट वाकून बघ की."

मी परत वाकले. मला काही कळलं नाही, पण मी गहू म्हटलं. ते म्हणाले, "हां. गहूच असनार." त्या दिवशी माझी बस चुकली आणि मी शेअर रिक्षाने गेले. वाटेत त्या निळ्या शेडवरून जाताना मी तिच्याकडे बघून मुद्दाम तोंड फिरवलं. बायकांचं असतं असं.

मग घट नुसता सुटला. सातव्या माळेला वीतभर, फिक्या पिवळ्या रंगाचा, इतका दाट की मडकं बुडालं. परडीखाली मी लाकडी पाट ठेवला होता, आणि रोज मडक्यात तांब्यातांब्याने पाणी घालत होते. पाट खराब झाला असणार म्हणून मी परडी एका बाजूने उचलून बघितली. पाट कोरडा होता. ठणठणीत कोरडा.

मी मामांना दाखवलं. "बघा. इतकं पाणी गेलं, खाली थेंब नाही."

त्यांनी पाटावरून तळवा फिरवला. मग हात परडीच्या कडेने मातीत घातला. तिला भेग पडली नव्हती, ती कडेपासून सुटली नव्हती.

"गॅलरीत आपण वरून ओततो," मी म्हटलं. "इथे वरून काहीच घातलं नाही. मडकं पाझरतं आणि माती तिला हवं तेवढं पिते."

मामा बराच वेळ त्या मडक्याकडे बघत राहिले. जन्मभर दर वर्षी घरात बसलेला घट. "आरं तिच्या," ते म्हणाले. आणि त्याच दिवशी ते गॅलरीत गेले, आणि डब्यांतली ढेकळं हाताने फोडत बसलेले मला दिसले.

दसऱ्याला घट उठवला. मामांनी कोंब हातात घेऊन निरखले आणि गहू चांगला म्हणून सांगितलं, जसं काही पेरायला जायचंच होतं. टोपीत कोंब खोचले, मुलाच्या कानावर ठेवले, माझ्या हातात दिले. मग धोतर नीट केलं, चपला घातल्या, परडी दोन्ही हातांनी उचलली, आणि फ्लॅटच्या दारात जाऊन थांबले.

तिथे थांबल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं. आमच्या तर कुणाच्याच आधी लक्षात आलं नव्हतं. माती घालायची कुठे?

नवरा म्हणाला, "चला गाडीवर, इंद्रायणीत सोडून येऊ. सगळे तिथेच सोडतात."

"माती पान्यात? आपन कदी सोडली व्हय?"

"मग तिकडे जाऊ. कंपनीच्या गेटवर. वॉचमनला सांगू, आमचंच रान होतं म्हणून."

मामा परडी धरून उभे होते, दार उघडं, समोर लिफ्ट. नवरा त्यांच्या हातातून ती घ्यायला पुढे झाला, तर त्यांनी ती छातीशी ओढली. मला वाटलं, झालं. घट आला, माती जगली, आणि तरीही हा माणूस आता इथेच मोडणार.

मग ते वळले. चपला तशाच पायात, ज्या त्यांनी कधी घरात आणल्या नव्हत्या. हॉलमधून, टीव्हीसमोरून, ओट्याजवळून चालत ते गॅलरीत गेले आणि कूलरच्या टबापुढे उकिडवे बसले. टबातली माती दोन्ही हातांनी बाजूला केली, मधोमध घटाचं मडकं गळ्यापर्यंत पुरलं. परडीतली माती भोवतीने पसरली, कोंबांच्या मुळ्यांसकट, एक ढेकूळ बाहेर न सांडता. मडक्यात पाणी ओतलं. थोडा वेळ तिथेच बसून राहिले. आम्ही दोघं हॉलमध्ये उभे. कुणी मध्ये गेलं नाही.

परत आले ते गॅलरीच्या उंबऱ्यावर थांबले. चपला काढून हातात घेतल्या, मोरीत जाऊन पाय धुतले, खुर्चीवर बसले. आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "रानात घालून आलो. चहा टाक."

मला रडू फुटलं. मी ओट्याकडे तोंड करून पातेल्यात पाणी घेतलं, साखर किती घातली ते कळलं नाही. नवऱ्याने कानावरचा कोंब काढून खिशात ठेवला, चपला घातल्या आणि खाली गेला. माती खाली येणार नाही आणि मडकी पुरल्यावर आता पाणीही येणार नाही, असं भाभींना सांगायला.